थकीत अनुदान: निवेदनाआधी तक्ता करा

बालगृहाचं, म्हणजे निराधार मुलं सांभाळणाऱ्या संस्थेचं, सरकारी अनुदान थकलं की काय होतं ते ठरलेलं आहे. प्रत्येक संस्था आपापलं निवेदन घेऊन जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जाते, पोच घेते आणि परत येते. बारा संस्था, बारा निवेदनं, बारा आकडे. उत्तर सगळ्यांना एकच मिळतं: "वरून निधी आलेला नाही."

ते उत्तर खोटंच असतं असं नाही. पण वर म्हणजे नेमकं कुठे? अर्थसंकल्पात तरतूदच कमी झाली, की तरतूद आहे पण बीम्सवर (राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) वितरित झाली नाही? की पुण्याला आयुक्तालयात प्रस्तावात त्रुटी निघाली, की देयक अजून कोषागारात गेलंच नाही? अडलेलं असतं एका टेबलावर आणि आपण धरणं धरतो भलत्याच दारात. माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा: प्रस्ताव कोणत्या तारखेला कुठून कुठे गेला, एवढंच विचारा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, त्यामुळे गाऱ्हाणं त्यात घालू नका. उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी.

तोवर सगळ्या संस्थांनी गट करून मिळून एकच तक्ता करायचा. संस्थेचं नाव, बाल न्याय अधिनियमाखालच्या नोंदणीची मुदत, मंजूर संख्या, हजेरीपटावरची मुलं, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा, थकीत रक्कम, उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचं अनुदान ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) दिल्याची तारीख आणि त्याचा आवक क्रमांक. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तक्ता बाहेर काढूच नका. बारापैकी एकाचं जरी प्रमाणपत्र बाकी असलं, तरी चर्चा त्याच्यावरच सुरू होते आणि त्याच्यावरच संपते. अशा संस्थेला गटाबाहेर काढण्यापेक्षा दुसऱ्या संस्थेचा हिशेबनीस दोन दिवस तिच्याकडे बसवा.

मंजूर संख्या आणि हजर मुलं यांत गल्लत करू नका. मंजूर ५०, हजर ३८ आणि मागणी ५०ची, एवढं सापडलं की सगळा तक्ता संशयात जातो. समजा मुलामागे महिना ३,००० धरले, तर ३८ मुलांचे १,१४,००० होतात. चार महिन्यांचे ४,५६,०००. हा आकडा किराण्याची उधारी आणि थकलेले पगार यांच्याशी जुळला पाहिजे.

वेळ चुकली तर मेहनत वाया. नागपूरच्या डिसेंबरच्या अधिवेशनात पुरवणी मागणी (वर्षाच्या मध्येच जादा निधीची तरतूद) यायला हवी असेल, तर विभागाकडे पत्र दिवाळीआधीच गेलेलं बरं. आमदारांना द्यायचा कागद एकच पान: लेखाशीर्ष (अर्थसंकल्पात त्या खर्चाला दिलेला सांकेतिक क्रमांक), रक्कम, त्यांच्या मतदारसंघातल्या संस्था. लेखाशीर्षाशिवायचा कागद स्वीय सहायकाच्या टेबलाच्या पुढे सरकत नाही. मार्चअखेरीस जागं होऊन उपयोग नाही. ३१ तारखेला अखर्चित निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो.

छोट्या संस्था एकत्रित निवेदनावर सही करायला कचरतात, कारण तपासणी लागेल ही भीती. ती अगदीच निराधार नाही. म्हणून कोणी एकच डोळ्यावर येऊ नये अशा बेताने सह्या वर्णानुक्रमे घ्या, भेटीला दर वेळी वेगळे तिघं पाठवा.

गटाचा खर्च सगळ्यांनी स्थानिक देणग्यांतून करावा. परकीय निधी घेणाऱ्या संस्थांनी त्यातला रुपयाही गटाकडे वळवू नये. परकीय निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्याला देताच येत नाही. बंद, रास्ता रोको, रेल रोको हे शब्दही परकीय निधीच्या नियमांत राजकीय स्वरूपाची संस्था ठरवताना आले आहेत. २०२० मध्ये सक्रिय वा पक्षीय राजकारणाची अट जोडून ते सौम्य केलं, तरी पत्रकावर ते शब्द छापायची हौस कशाला?

"संस्था बंद करू" ही धमकी कधीच देऊ नका. मुलं बालकल्याण समितीच्या (मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या) आदेशाने दुसऱ्या जिल्ह्यात हलतील, शाळा मध्येच तुटेल आणि अनुदानाचा प्रश्न कार्यालयापुरता आपोआप मिटेल.

मुलांना धरण्यावर बसवणंही नको. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे त्यांची ओळख उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटोही त्यात येऊ शकतो. पत्रकारांना दाखवायचंच असेल तर किराणावाल्याच्या उधारीच्या वहीची झेरॉक्स द्या.