मामांच्या डेस्कटॉपला वायफाय

मामांचा डेस्कटॉप वरच्या खोलीत आणि राउटर खाली दिवाणखान्यात. घर साताऱ्यातलं, जुनं, दीड फुटी भिंतींचं. खरं तर सरळ केबल ओढणं सगळ्यात उत्तम. पण रंगकाम नुकतंच झालेलं, त्यामुळे भिंतीला भोक पाडायचा विषय मामींनी निघूच दिला नाही.

"अरे, ते नखाएवढं मिळतं ना, तेच घेऊन ये," मामा म्हणाले. दुकानदारानंही तेच पुढे केलं होतं. यूएसबीत खोचायची ही नखाएवढी स्वस्तातली वायफाय अडॅप्टरं, वायफायच्या 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन बँडांपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) बहुधा फक्त 2.4 वर चालतात. त्या बँडवर एकमेकांना न अडणारे चॅनेल जेमतेम तीन, 1, 6 आणि 11, आणि मामांच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचा राउटर तिथेच गर्दी करून बसलेला. शिवाय ते खोचायचं कॅबिनेटच्या मागे, म्हणजे एका बाजूला पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या बाजूला भिंत.

म्हणून खरेदीआधी मी फोनवर वायफाय मोजणारं एक फुकट अ‍ॅप टाकलं आणि खोलीभर फिरलो. 5 गिगाहर्ट्झला भिंतींतून जायला जड जातं, तरी टेबलावर, खिडकीजवळ उणे 56 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) दिसले. तोच फोन टेबलाखाली, कॅबिनेट आणि लोखंडी कपाट यांच्या फटीत घातला, तर थेट उणे 71. हा आकडा दर 3 ने घसरला की ताकद निम्मी होते. 15 ने घसरला म्हणजे जेमतेम तिसावा हिस्सा उरला. मामा चष्मा लावून फोनकडे बघत होते. "म्हणजे सगळा घोळ कपाटाचा?" कपाटाचा आणि कॅबिनेटचाही.

मग बाकीचं सोपं झालं. आत बसवायच्या कार्डाचा विचार मी आधी केला होता. कॅबिनेट उघडून जाळी-धूळ रंगाच्या ब्रशनं झटकली, तेव्हा छोटा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामाही सापडला. वायफाय 6 चं कार्ड त्यात आरामात बसलं असतं. पण अशा कार्डाचे अँटेना सहसा मागच्या बाजूलाच येतात, त्या 71 वाल्या फटीत. आणि मामांचं नेट 100 एमबीपीएसचं. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे कशाला?

तर यूएसबीचं, उभ्या अँटेनाचं आणि एक्स्टेंशन वायरनं टेबलावर आणता येईल असं, हे ठरलं. डब्यावरच्या एसी600, एसी1200 या आकड्यांना मी फार मोजत नाही. एसी600 म्हणजे 2.4 वरचे 150 एमबीपीएस आणि 5 वरचे 433 यांची बेरीज, वर गोल केलेली. अडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर जोडलेलं असतं, त्यामुळे ते 600 कधीच मिळत नाहीत. प्रत्यक्षात 433 चेही निम्मे मिळाले तर पुष्कळ.

खरी डोकेफोड झाली अडॅप्टरच्या आतल्या चिपवरून. मामांचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-3. विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे आज ना उद्या लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं आलंच. आणि लिनक्सवर पुष्कळ यूएसबी अडॅप्टरांचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारी सॉफ्टवेअरं, बाहेरून आणून बसवावे लागतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की ते पुन्हा बंद पडू शकतात. मी साताऱ्यात रोज थोडाच असतो! मीडियाटेकच्या एमटी7610यू या चिपचा ड्रायव्हर मात्र कर्नलमध्येच आहे. पंचाईत अशी, की चिपचं नाव डब्यावर सहसा छापत नाहीत, आणि एकाच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनी चिप बदलून मोकळी होते. म्हणून मॉडेलसोबत डब्यामागच्या लेबलवरची आवृत्तीही बघितली. दुकानदार वैतागला, पण डबा फिरवून दाखवला त्यानं.

जोडताना दोन गोष्टी पाहिल्या. मामांची फोटोंची हार्ड डिस्क निळ्या यूएसबी 3.0 पोर्टला असते. यूएसबी 3.0 च्या वायरीतून आणि पोर्टातून 2.4 च्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलनंच 2012 मध्ये लिहून ठेवलंय. अडॅप्टर तिच्यापासून लांब, काळ्या पोर्टला लावलं, यूएसबी 2.0 ला 100 एमबीपीएस जड नाहीत. दुसरं, ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, हा तिढा. फोन वायरनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं नेट डेस्कटॉपला दिलं, की तो सुटतो.

राउटरमध्ये 5 गिगाहर्ट्झचं नाव वेगळं ठेवून मशीन तिथेच जोडलं. टेबलावर स्पीड 85 च्या आसपास येतो. पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघितलं, तर काहीही न टाकता नेटवर्कांची यादी समोर आली. मिंट प्रत्यक्ष टाकायचं मात्र आयकर रिटर्न भरून झाल्यावरच, अशी मामांची अट आहे.