भिंतीवरच्या काचा

दारव्ह्याचं आमचं घर बाबांनी बांधलेलं. समोर ओसरी, आत तीन खोल्या, मागे न्हाणी, वर सागाच्या फाट्यांवर कवेलू. बाबा गेले, आई माझ्याकडे राहायला आली आणि घराला कुलूप लागलं. बंद घर फार लवकर खचतं. चौकटीत वाळवी शिरते, वानरं कवेलू फोडतात आणि पावसाचं पाणी त्या फटीतून भिंतीत उतरतं. भाऊ म्हणायचा, विकून टाकू. मला ते भाड्याने द्यायचं होतं. तालुक्याच्या गावात बदलीवर येणारे लोक कायम घर शोधत असतात. आईला तिच्या हक्काचे चार पैसे दर महिन्याला हातात आले, तर औषधासाठीसुद्धा तिला कोणाकडे मागावं लागणार नाही, एवढाच माझा हट्ट होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्यामुळे घराचं काम रविवारी, नाहीतर सकाळची शाळा सुरू झाली की उन्हं कलल्यावर. सिमेंटला ही सवड मानवत नाही. प्लास्टरला निदान सात दिवस पाणी लागतं आणि आमच्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेस्तोवर उडून जातं. म्हणून प्लास्टर शनिवारी संध्याकाळी करून घ्यायचं, भिंतीवर ओला बारदाना टांगायचा आणि रोज शाळेच्या आधी गाडीवर एक चक्कर मारून तो भिजवून यायचा. चौकटी अशाच उरकल्या, न्हाणीची फरशी उरकली, वायरिंग उरकलं. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी मागची खोली संपवायची असं ठरवून मी मे महिन्यात रेती-सिमेंट आणून टाकलं.

या मागच्या खोलीनेच माझा सगळा धीर खाल्ला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून आढ्याकडे तिरपी गेलेली भेग. आदल्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराने ती सिमेंटने भरून, घोटून, वर पुट्टी मारून दिली होती. वर्षाच्या आत तिच्या शेजारीच दुसरी निघाली. रंगाचे डबे ओसरीत पडून होते आणि मला घरात पाऊल टाकावंसं वाटत नव्हतं. काम कितीही असो, माणूस करतो. पण केलेलं टिकतंय की नाही हेच कळेनासं झालं की हात उचलत नाही. त्या आठवड्यात मी भावाला फोन करून म्हटलंसुद्धा, बघ एखादं गिऱ्हाईक.

रविवारी मिस्त्रीकाका सकाळी सहालाच आले. मे महिन्यात अकराच्या पुढे भिंतीला हात लावायची सोय नसते. त्यांनी घमेलं खाली ठेवलं, पण माल काही कालवला नाही. खिशातून रुपयाचं नाणं काढून भेगेत सरकवलं. वरच्या टोकाला ते अलगद आत गेलं. खाली खिडकीजवळ त्याची कडसुद्धा शिरेना. मग थापीच्या मुठीने भेगेच्या दोन्ही बाजूंनी ठोकत गेले, आवाज ऐकत. तिथून थेट बाहेर, मागच्या कोपऱ्यावर जाऊन उकिडवे बसले. न्हाणीच्या मोरीकडची माती त्यांनी चिमटीत घेतली तर तिचा गोळा झाला. त्याच कोपऱ्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, तर तिथे जमिनीला तडे पडलेले. तिथल्या कडुनिंबाची वाळकी काडी त्यांनी तड्यात सोडली, ती पुरती आत गेली.

“ताई, आज मी प्लास्टर करत नाही.”

“काहून? माल तर आणून ठेवला.”

“माल राहू द्या. भेग जित्ती हाये. जित्त्या भेगीत सिमेंट भरलं का थे पाचर होते. उन्हाळ्यात भेग फाकते, तवा तुमी भरता. पावसाळ्यात माती फुगते, भिंत मिटाले पाह्यते, पण मधात पाचर बसली ना! मंग थे बाजूले फाटते.”

आमच्या भागातली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आवळते. कापसाला हीच माती सोन्यासारखी, कारण ती ओल धरून ठेवते. घराच्या पायव्याला मात्र ती वर्षभर हलवत राहते. जमिनीत साधारण ३ ते ३.५ मीटर खोलीपर्यंत ही ओल कमीजास्त होत असते, म्हणून अशा मातीत आता तळाशी फुगीर असलेले खांब खोल उतरवून त्यावर घर उभारतात. बाबांच्या काळच्या घराचा पाया कमरेइतकासुद्धा खोल नाही. त्यात आमच्या कोपऱ्याची एक बाजू मोरीच्या पाण्याने बारमाही ओली आणि दुसरी उन्हाने भाजलेली. एकीकडची माती भिंतीला उचलून धरते, दुसरीकडची खाली सोडते. भेग वर रुंद होती त्याचा अर्थ कोपरा बाहेर कलत होता. हे काकांनी नाण्यावरून ओळखलं.

खिडकीच्या फुटक्या तावदानाचे तुकडे मी एका डब्यात ठेवले होते. काकांनी त्यातल्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या निवडल्या. भेगेच्या दोन्ही अंगांची पुट्टी खरवडली, विटेपर्यंत भिंत उघडी केली, पाणी शिंपडलं आणि सिमेंटच्या दोन गोळ्यांवर काच आडवी बसवली, एक टोक भेगेच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. अशा तीन ठिकाणी. ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरली.

“काच फुटली तं समजा भिंत चालते. अख्खा उन्हाळा-पावसाळा काढला तं मले बोलवा, मंग भरू. त्याआधी मोरी हटवा अन् भिंतीच्या बुडाचं पाणी तोडा.”

कडुनिंब तोडू का, विचारलं, तर मानेनेच नाही म्हणाले. झाड ओढत होतं ते पाणी एकदम मातीत राहिलं तर ती आणखी फुगेल. दिवसाची मजुरी पुढे केली तर घेतली नाही. “काम कुठं केलं?” आईने केलेला चहा पिऊन, घमेलं सायकलला अडकवून ते निघून गेले. हातात आलेली रोजी सोडून, त्या उन्हात, मला खरं तेच सांगून जाणाऱ्या या माणसाबद्दल मला किती वाटलं, ते लिहून पुरतं सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून माझा रविवार बदलला. आधी घरात शिरलं की काय काय राहिलंय तेच डोळ्यांपुढे यायचं. आता मी सरळ मागच्या खोलीत जाऊन काचा बघायची. एक प्रश्न होता आणि भिंत त्याचं उत्तर देत होती. जूनभर मी आणि माझा मुलगा संध्याकाळी खणत होतो. मोरीचं पाणी पीव्हीसी पाइपाने नालीला नेलं, छपराला पन्हळ लावली, भिंतीलगत मीटरभर रुंदीची माती काढून मुरूम भरला, चोपला, वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन शहाबादी फरशी टाकली. बाहेरचं पाणी आत जायला नको आणि आतली ओल उन्हाने ओढली जायला नको, एवढ्यासाठी हा सगळा पट्टा. मागची बाजू अर्धी राहिली असतानाच पाऊस कोसळला. जुलैत मधली काच तडकली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी काकांना फोन लावला तो आनंदाने. त्यांचं निदान बरोबर होतं आणि उपाय आमच्या हातातला होता. उरलेला पट्टा आम्ही पावसाची उघडीप साधून पुरा केला.

दिवाळीनंतर तिथे नवी काच बसवली. तो हिवाळा गेला, पुढचा मे गेला, पावसाळा गेला. तिन्ही काचा अख्ख्या. मग काकांनी भेगेवर जाळी ठोकली, चुना मिसळलेला मऊ माल भरला आणि ठरलेलं प्लास्टर एकदाचं झालं.

घर बघायला सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, कूलरला खिडकी आहे का; मग नळ किती दिवसांआड येतो. भाडेकरार लेखी करून नोंदवला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची असते, आणि आमच्याकडे पुष्कळ लोक अजून नुसत्या तोंडी बोलीवर घर देतात. पहिलं भाडं आईच्या खात्यात जमा झालं तेव्हा तिने पासबुक भरून आणायला मलाच पिटाळलं.

शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरालाही तशीच तिरपी भेग आहे. मागच्या रविवारी मी आणि मिस्त्रीकाकांनी तिथे काच चिकटवली आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्या भेगेत कोणाला सिमेंट भरू देणार नाही, असं काकूंकडून कबूल करून घेतलं.