कुणीतरी बघत असताना केलेला चहा

लग्न होऊन अमळनेर तालुक्यातल्या या गावात आले, त्याला आता चौतीस वर्षं झाली. एरवी दिवसाला पंधरा कप चहा होतो, कापूस वेचणीच्या दिवसांत तीस-चाळीस. ओट्यावरून आवाज यायचा, "च्या ठेव वं!" मी आत ठेवायचे, ट्रे दारापर्यंत न्यायचे आणि तिथून सासरे किंवा हे पुढे न्यायचे. चहा कसा झाला होता ते रिकाम्या कपांवरून ओळखायचं. करताना मला कुणी पाहिलं नाही आणि कुणी पाहावं असं माझ्याही कधी मनात आलं नाही.

दिवाळी झाल्यावर मुलाकडे ओसाकाला गेले होते. सूनबाई एका सकाळी म्हणाली, "आई, आज तुम्हाला चहाला न्यायचंय." आगगाडीनं आम्ही क्योतोच्या दक्षिणेला उजीला गेलो. जपानात चहा म्हटलं की उजीचं नाव येतंच. मात्चा म्हणजे हिरव्या चहाची पूड. तिच्यासाठीची झुडपं खुडणीआधी साधारण वीस दिवस सावलीत झाकून ठेवतात, म्हणजे पान कोवळं, गडद हिरवं आणि चवीला गोडसर राहतं. मग ते वाळवून, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळायचं. एका जात्यातून तासाभरात जेमतेम 40 ग्रॅम पूड पडते. एका दुकानात असं जातं ठेवलेलं होतं. मी खुंटा धरून फिरवून पाहिलं. आमच्या मोठ्या मायच्या घरोट्यापेक्षा कितीतरी लहान, पण हाताला तीच घरघर लागली. कडेनं जी हिरवी पूड उतरत होती, ती बोटावर घेतली तर बोटाच्या रेघांत बसली.

पाहुण्यांसमोर रीतीनं चहा करून देतात ती चहाची खोली बागेच्या टोकाला होती. आधी दगडी कुंडातलं पाणी पळीनं घेऊन हात धुवायचे, चूळ भरायची. मग दार. दार कसलं, 65-66 सेंटिमीटरची चौकोनी खिडकीच. गुडघ्यांवर येऊन, मान खाली घालूनच आत शिरावं लागतं. तलवार बांधलेला सामुराईही इथं तलवार बाहेर ठेवूनच यायचा, असं सांगतात. ही साधी, लहान खोलीतली पद्धत ज्यानं पक्की केली तो सेन नो रिक्यू ओसाकाजवळच्याच साकाई गावचा, 1522 साली व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला. चारी बाजूंना लढाया चालल्या होत्या तेव्हा त्यानं चहाच्या खोलीतला थाट कमी कमी करत नेला. पुढे 1591 मध्ये हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकमानं त्याला स्वतःच स्वतःचा प्राण घ्यावा लागला. सूनबाईनं हे दाराबाहेर सांगितलं, आणि आत गुडघ्यांवर सरकताना माझ्या मनात तेच होतं.

आत चटया, कोनाड्यात एक लांब अक्षरपट आणि बांबूच्या नळीत एकच फूल. नोव्हेंबर असल्यामुळे शेगडी जमिनीतल्या खड्ड्यात होती, उन्हाळ्यात ती वर ठेवतात. लोखंडी भांड्यात पाणी गुणगुणत होतं. त्या आवाजाला ते लोक पाइनच्या झाडांतला वारा म्हणतात. मला उभ्या पऱ्हाट्यांतून जाणारा वारा आठवला.

यजमानीण माझ्याच वयाची. ती वाकली, आम्ही वाकलो. आधी मिठाई आली, मेपलच्या पानासारखी घडवलेली, आत गोड वाटलेल्या घेवड्याचं सारण. पुरणाच्या चुलत बहिणीसारखी चव. ती चहाआधीच संपवायची, म्हणजे पुढचा कडवटपणा जिभेला बरा लागतो.

मग ती काम करू लागली, आणि मी तिच्या हातांवरून डोळे काढले नाहीत. रेशमी रुमालाची घडी करून तिनं पुडीची डबी पुसली, मग बांबूची चमची. वाडग्यात गरम पाणी घालून ते फिरवलं, बांबूची रवी त्यात भिजवली, उचलून तिची टोकं पाहिली, पाणी टाकलं, ओल्या कापडानं वाडगं आतून पुसलं. हे सगळं आधीच स्वच्छ होतं. आमच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा स्वच्छ केलं गेलं. पाहुण्यासाठी हात चालतात ते पाहुण्यानं पाहायचे, हेच तिथं पाहुण्याचं काम. चौतीस वर्षं जे मी भिंतीआड केलं, ते ही बाई खोलीच्या मधोमध करत होती आणि सहा माणसं गप्प बसून तिच्याकडे पाहत होती. माझे डोळे भरून आले. सूनबाईला वाटलं, गुडघे दुखतात.

दोन ग्रॅम पूड, थोडं गरम पाणी, रवीची झपझप, वर बारीक फेस. वाडगं समोर आलं तेव्हा शेजारणीला वाकून म्हणायचं, तुमच्याआधी घेते. मग यजमानणीला नमस्कार. वाडग्याची सुंदर बाजू आपल्याकडे असते. तिच्यावर ओठ लागू नयेत म्हणून ते दोनदा फिरवायचं आणि मग प्यायचं. कडू होतं, पण पालेभाजीसारखा ताजा वास. शेवटचा घोट आवाज करून ओढायचा, म्हणजे संपलं हे तिला कळतं. बशीतून फुर्र करून पिण्याबद्दल लहानपणी मी किती बोलणी खाल्ली होती! इथं तोच आवाज यजमानणीला पोचपावती होता. नंतर वाडगं जमिनीजवळच धरून न्याहाळायचं. माझ्या वाडग्यावर कुंभाराच्या बोटाची एक खूण होती. तिथं मी माझं बोट ठेवलं.

जानेवारीत परत आले. थंडी होती, जाऊ चहा ठेवायला आत गेली. मी ट्रेची वाट न पाहता तिच्या मागं गेले आणि पाटावर बसले. ती आलं ठेचत होती. थोड्या वेळानं तिनं मागं वळून विचारलं, "काय देखी ऱ्हायनात बाई?"

"तू च्या कसा करस ते."

ती हसली नाही. क्षणभर थांबली, धुतलेली गाळणी तिनं पुन्हा एकदा पाण्याखाली धरली आणि मग कपावर ठेवली.