ऱ्हाईनच्या एका पुलावर दोन निकाल

स्वित्झर्लंडच्या राजधानीत, बर्नला, संसदेसमोरच्या चौकात फरसबंदीतूनच कारंजी उडतात, 26 कँटन (म्हणजे तिथली राज्यं) म्हणून 26 कारंजी, पोरं त्यात चिंब भिजत धावत असतात आणि मागे ती गंभीर घुमटवाली इमारत. पण परराष्ट्र धोरण फक्त त्या इमारतीत ठरतं असं समजू नका. महत्त्वाच्या करारावर 100 दिवसांत 50,000 सह्या जमल्या की मतदान लागलंच, आणि युनोसारख्या ठिकाणी शिरायचं तर सह्यांचीही गरज नाही, थेट सगळ्या देशाला विचारायचं, लोकांचंही बहुमत पाहिजे आणि कँटनांचंही.

जिनिव्हात ती झेंड्यांची लांबलचक रांग बघताना गंमत वाटते. युनोचं युरोपातलं मुख्य ऑफिस यांच्या घरात आणि 2002 पर्यंत यजमानच मेंबर नव्हते! 1986 ला जवळपास 76 टक्के लोक नाही म्हणाले. 2002 ला 54.6 टक्के हो, पण कँटनांची मतं 12 विरुद्ध 11 (सहा कँटनांचं मत अर्धंच धरतात), म्हणजे अक्षरशः काठावर पास.

खरी मजा ऱ्हाईन नदीवरच्या सेव्हेलेन ते वाडुझ या जुन्या लाकडी पुलावर आली. 1901 चा, वर छप्पर, फक्त चालणारे आणि सायकलवाले, पायाखाली फळ्या वाजतात, मधोमध सरहद्दीची खूण, पासपोर्ट बघायला कोणी नाही. अलीकडे स्वित्झर्लंड, पलीकडे लिश्टेनस्टाइन, फ्रँक दोन्हीकडे तोच. युरोपियन आर्थिक क्षेत्रात, म्हणजे युरोपियन युनियनच्या सामायिक बाजारात बाहेरच्या देशांनाही घेणाऱ्या व्यवस्थेत, जायचं का, यावर 6 डिसेंबर 1992 ला अलीकडचे 50.3 टक्क्यांनी नाही म्हणाले आणि पुढच्याच रविवारी पलीकडचे 55.8 टक्क्यांनी हो! मतदान स्विस लोकांच्या आधी की नंतर, यावरून लिश्टेनस्टाइनचा राजा आणि तिथलं सरकार यांची आधीच चांगलीच जुंपली होती. त्यात स्वित्झर्लंडशी 1920 च्या दशकापासूनचं कस्टम्स युनियन (दोघांची जकात एकच), मग ते करार दुरुस्त करा, 1995 ला परत मतदान घ्या, तेव्हा कुठे पलीकडचे आत गेले.

मला विचाराल तर ब्रसेल्समध्ये, युरोपियन युनियनशी बोलताना, 'आमच्या लोकांना पटलं पाहिजे हो' म्हणता येणं हे स्विस वाटाघाटी करणाऱ्यांच्या हातातलं भारी हत्यार आहे, पण दुधारी. फेब्रुवारी 2014 ला स्थलांतरावर मर्यादा घाला म्हणून सरकारचा विरोध असताना लोकांनी कौल दिला, पुन्हा नेमका 50.3 टक्क्यांनी, आणि युरोपियन युनियनने इरॅस्मस या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेची स्वित्झर्लंडशी चाललेली बोलणीच थांबवली. पुलापलीकडची पोरं मात्र त्यात आरामात होती.