आमची वाटचाल : चित्राचा अर्थ ज्याचा त्याच्याकडे

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातील आमचा व्यक्तिकेंद्री अभिव्यक्ती-कला उपचाराचा, म्हणजे हालचाल, चित्र, सूर आणि लेखन यांतून मनातले बाहेर येऊ देण्याच्या उपचाराचा, स्टुडिओ आकाराने लहान आहे. मात्र तिथला प्रत्येक नियम, अगदी भिंती कोऱ्या ठेवण्याचासुद्धा, मला माझ्या बाईंकडून मिळाला आहे. बाई स्वतः नॅटली रॉजर्स यांच्या हाताखाली शिकल्या. व्यक्तिकेंद्री समुपदेशनाचा, म्हणजे सल्ला देण्यापेक्षा समोरच्याचे ऐकून त्याला स्वतःची वाट सापडू देण्याच्या पद्धतीचा, पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स हे नॅटलींचे वडील आणि चित्रकार हेलन या त्यांच्या आई. नॅटलींनी १९८४ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात आपली प्रशिक्षण संस्था सुरू केली आणि वडिलांच्या विचाराला, जो मुख्यतः बोलण्या-ऐकण्यावर उभा होता, हालचाल, रंग, माती, सूर आणि लेखन यांची जोड दिली.

सर्जनशीलता फुलण्यासाठी मनाला सुरक्षितता आणि मोकळीक हवी, असे कार्ल रॉजर्स यांनी १९५४ मध्येच मांडले होते. नॅटलींनी त्यात तिसरी अट घातली : माणसाला चेतवणारा, थोडे आव्हान देणारा अनुभव समोर ठेवला पाहिजे. आमच्या सत्राची आखणी याच अटीतून येते. आधी डोळे मिटून सावकाश हालचाल, मग त्याच मनःस्थितीत मोठ्या कागदावर ऑइल पेस्टल, बहुतेकदा सवयीच्या नसलेल्या हाताने, आणि त्यानंतर न थांबता, न खोडता केलेले लेखन. एका कलेतून दुसरीत जाताना आतले काहीतरी सुटे होते आणि जे चित्रात दिसले नव्हते ते लिहिताना सापडते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की या क्रमावर माझा पूर्ण विश्वास बसला आहे.

बाईंचा सर्वांत कडक नियम असा, की चित्राचा अर्थ उपचारकाने सांगायचा नाही. काळा रंग म्हणजे दुःख, तुटलेली रेघ म्हणजे भीती, असले ठोकताळे त्यांना मुळीच चालत नसत. ज्याने चित्र काढले त्याने बोलावे, आपण ऐकावे आणि त्याची इच्छा असेल तरच आपल्याला काय जाणवले ते ‘मला असे वाटले’ एवढ्याच अधिकाराने सांगावे, ही त्यांची शिकवण होती. म्हणूनच स्टुडिओत प्रदर्शन भरत नाही आणि आम्ही कोणाच्याही चित्राला ‘छान’ म्हणत नाही, कारण शाबासकी हासुद्धा निवाडाच असतो.

व्यवसाय म्हणून हा नियम महाग पडतो. मुलांना घेऊन येणारे पालक प्रगतीचा पुरावा मागतात आणि आम्ही मुलाच्या संमतीशिवाय त्याचे चित्र दाखवत नाही. त्यामुळे काही कुटुंबे परत येत नाहीत, आणि ते आम्ही मान्य केले आहे. परवान्याबाबतही बाई तितक्याच ठाम होत्या. कॅलिफोर्नियात अभिव्यक्ती-कला उपचाराला राज्याचा वेगळा परवाना नाही, पण मानसोपचार करायचा तर परवाना लागतोच. अशा परवान्यांपैकी विवाह व कुटुंब उपचारकाच्या परवान्यासाठी देखरेखीखाली ३,००० तासांचा अनुभव पुरा करावा लागतो. तो परवाना हाती येईपर्यंत त्यांनी मला दारावर पाटी लावू दिली नाही.

इथे अमेरिकेत आपल्या मुलांकडे राहायला आलेल्या मराठी आईवडिलांसाठी आम्ही चालवत असलेला गट मला विशेष जवळचा वाटतो. ‘आम्हाला चित्र येत नाही’ असे म्हणत ही मंडळी बसतात. मग माती मळता मळता कोणीतरी गुणगुणू लागते, ओवीची एखादी ओळ येते आणि मागे राहिलेल्या घराविषयी, मुलांसमोर कधी न बोललेले, मराठीतच लिहिले जाते. या गटाचे शुल्क आम्ही मुद्दाम कमी ठेवले आहे.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. तरीही नव्या सहकाऱ्याकडे गट सोपवण्याआधी, सहभागींच्या संमतीने व नावे वगळून, त्याच्या सरावसत्राचे टिपण आम्ही त्यांना पाठवतो. चित्राबद्दल आधी कोण बोलले, हे त्या सर्वांत आधी पाहतात. सहकारी आधी बोललेला असेल, तर त्याचे प्रशिक्षण आणखी काही महिने चालू राहते.