न्यू ब्रन्सविकचं कोर्ट : ज्युरी येण्याआधीच बरंच काही ठरतं

अमेरिकेतलं कोर्ट म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना बारा ज्युरर, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, आणि तावातावाने युक्तिवाद करणारे वकील आठवतात. आम्ही राहतो ते एडिसन न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत येतं. काउंटीचं कोर्ट शेजारच्या न्यू ब्रन्सविकला, पॅटरसन स्ट्रीटवर आहे. ओळखीतल्या एका विद्यार्थ्याच्या केसमुळे तिथे जाणं सुरू झालं आणि पुढे कामाला सुटी असली की मी मुद्दाम जाऊन बसू लागले. कोर्ट सर्वांना खुलं असतं. दारात सामानाची तपासणी होते, मग मागच्या बाकावर गपचूप बसायचं. का आलात म्हणून कोणी विचारत नाही. तिथे मला ज्युरी फार क्वचित दिसली. आरोपीचं जे काही व्हायचं ते बहुतेक वेळा ज्युरी बसण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. म्हणूनच मुलांना इकडे शिकायला पाठवणाऱ्या आईवडिलांना हा आधीचा भाग ठाऊक असावा, असं मला मनापासून वाटतं.

त्या मुलाचं प्रकरण साधं होतं. मोठ्या दुकानात स्वतःच स्कॅन करून पैसे भरायचं मशीन असतं. तिथे काही वस्तू स्कॅन न होता पिशवीत गेल्या. दुकानवाल्यांनी दारात अडवलं, पोलीस आले. मालाची किंमत दोनशे डॉलरच्या वर निघाली आणि सगळा फरक तिथेच पडला. न्यू जर्सीत दोनशेच्या आतली दुकानचोरी गावातल्या म्युनिसिपल कोर्टात जाते. तिथे जास्तीत जास्त सहा महिने कैद होऊ शकते. दोनशेपासून पुढे तोच प्रकार चौथ्या श्रेणीचा गुन्हा होतो आणि केस काउंटीच्या ठिकाणी सुपीरियर कोर्टात येते. चौथ्या श्रेणीला १८ महिन्यांपर्यंत, तिसरीला ३ ते ५ वर्षं, दुसरीला ५ ते १० आणि पहिलीला १० ते २० वर्षं अशी चढती भाजणी आहे. खुनाला किमान ३० वर्षं. फाशी या राज्याने २००७ मध्ये रद्द केली.

त्याला अटक करून कोठडीत ठेवलं नाही. हातात समन्स देऊन सोडलं, बोटांचे ठसे द्यायला आणि ठरल्या तारखेला कोर्टात हजर राहायला सांगितलं. गुन्हा गंभीर असेल तर पोलीस वॉरंट मागतात आणि माणूस नॉर्थ ब्रन्सविकच्या काउंटी जेलमध्ये जातो. तिथून पुढे जे घडतं ते मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

२०१७ च्या आधी इथेही जामीन म्हणजे पैसा होता. ज्याच्याकडे होता तो घरी, नव्हता तो आत. २०१३ साली राज्यातल्या जेलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे १२ टक्के कैदी केवळ अडीच हजार डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेले आढळले. मुख्य न्यायमूर्ती स्टुअर्ट रॅबनर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, २०१४ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, त्याच नोव्हेंबरात मतदारांनी राज्याच्या घटनेतली दुरुस्ती मंजूर केली आणि १ जानेवारी २०१७ पासून पैशांचा जामीन जवळजवळ संपला. आता जेलमध्ये आणलेल्या माणसाला ४८ तासांच्या आत न्यायाधीशांसमोर आणावं लागतं. तोवर त्याचं वय, आधीच्या शिक्षा, पूर्वी तारखेला गैरहजर राहिला होता का, दुसरी केस चालू आहे का, अशा नऊ बाबींवरून एक ते सहा असे दोन गुण काढलेले असतात : एक तारखेला न येण्याच्या शक्यतेचा, दुसरा पुन्हा गुन्हा करण्याच्या शक्यतेचा. त्यात वंश, पगार, पत्ता यांचा विचार होत नाही.

सरकारी वकिलांना माणूस आत ठेवायचा असेल तर त्यांना वेगळा अर्ज करावा लागतो आणि कामकाजाच्या तीन दिवसांत त्यावर सुनावणी होते. अशी एक सुनावणी मी पाहिली. आरोपी जेलमधून पडद्यावर दिसत होता. नारिंगी कपडे, मागे रिकामी भिंत. सरकारी वकील गुणांचा कागद वाचत होते. बचाव वकील तरुण बाई होत्या, सरकारकडून मिळालेल्या. त्यांनी फाईल न उघडता आरोपीच्या नोकरीच्या वेळा, आईचा पत्ता, रोज कोणत्या बसने जातो ते सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी दोघांनाही मध्येच थांबवून प्रश्न विचारले आणि मग स्वतःची कारणं एकेक करून रेकॉर्डवर घेतली. सोडलं, पण अटींवर : दर आठवड्याला हजेरी, फिर्यादीच्या जवळपास फिरकायचं नाही. एक डॉलरही भरावा लागला नाही.

मला तिथे आपल्याकडचे कच्चे कैदी आठवले. भारतातल्या तुरुंगांत दर चारांतले सुमारे तीन जण खटला संपायचीच वाट पाहत असतात. कित्येकांचा जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार, ऐपतीचा दाखला, सातबारा यांतलं काहीतरी जमत नाही. गरीब माणसाकडे दाखवायला सातबारा नसतो, म्हणून त्याने आत राहायचं हे मला कधीच पटलेलं नाही. न्यू जर्सीत २०१५ अखेर ते २०१८ अखेर खटल्याआधी जेलमध्ये असलेल्यांची संख्या ४३.९ टक्क्यांनी घटली. या व्यवस्थेवर टीकाही आहे. गुणांचं सूत्र जुन्या नोंदींवर चालतं, आणि ज्या वस्तीत पोलीस जास्त फिरतात तिथल्या मुलांच्या नावावर नोंदीही जास्त असतात. टीका रास्त आहे. तरीही पैशांवर सुटका तोलण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं ठाम मत आहे.

यानंतरची पायरी ग्रँड ज्युरीची. तेवीस सामान्य नागरिक बंद दाराआड सरकारी पक्षाचा पुरावा ऐकतात. बारा जणांचं मत पडलं तर आरोप निश्चित होतो. आरोपीचा वकील तिथे नसतो, न्यायाधीशही नसतात. माणूस जेलमध्ये असेल तर हे सगळं ९० दिवसांत व्हावं लागतं आणि तिथून १८० दिवसांत खटला उभा राहावा लागतो. काही कारणांनी हे दिवस वाढतात, पण घड्याळ चालू आहे याची सगळ्यांना जाणीव असते.

आणि मग तडजोड. राज्यांच्या कोर्टांतल्या शंभरातल्या चौऱ्याण्णव शिक्षा गुन्हा कबूल केल्याने होतात, हा आकडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ च्या एका निकालात दिला आहे. वकील कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या बोलतात, श्रेणी खाली येते, वर्षं कमी होतात, आणि मग न्यायाधीशांसमोर कबुलीचा कार्यक्रम होतो. तो मी ज्या गांभीर्याने होताना पाहिला ते विसरता येणार नाही. वकिलाने नव्हे, स्वतः आरोपीनेच उत्तरं द्यायची. आज काही औषध किंवा दारू घेतली आहे का? कोणी धाक दाखवला का? ज्युरीसमोर जायचा हक्क सोडताय, हे समजलंय का? तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? शेवटी, नेमकं काय केलंत ते स्वतःच्या तोंडाने सांगा. एका पन्नाशीच्या माणसाला ते जमेना. तो पुन्हापुन्हा "चूक झाली" एवढंच म्हणत राहिला. न्यायाधीश म्हणाले, चूक झाली एवढ्यावर मी कबुली घेऊ शकत नाही. वकिलांशी बोलून या. पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याने तारीख, जागा, उचललेली रक्कम सगळं सांगितलं. कबुली तेव्हा नोंदली गेली.

नागरिकत्वाचा तो प्रश्न आपल्या मुलांसाठी फार मोठा आहे. त्या विद्यार्थ्याचे वडील नाशिकहून रोज फोन करायचे. "वहिनी, दंडबिंड भरून मिटवून टाकता येत नाही का? पोराचं सेमिस्टर बुडतंय." बापाचा जीव, दुसरं काय म्हणणार? मुलालाही तेच हवं होतं. "काकू, सरकारी वकील केस म्युनिसिपल कोर्टात पाठवायला तयार आहेत, तिथे लवकर संपेल," असं तो मला सांगत होता. ऐकायला हे सोपंच वाटतं. पण त्याच्या वकिलांनी समजावलेलं सगळ्यांनी ऐकावं असं आहे.

म्युनिसिपल कोर्टात पहिल्या गुन्ह्याला एक सवलत मिळते : वर्षभर नीट वागलात तर केस रद्द. मात्र त्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो, किंवा दोषी ठरावं लागतं. राज्याच्या दृष्टीने पुढे केस नाहीशी होते, पण व्हिसाचा कायदा केंद्राचा आहे आणि त्याच्या नजरेत कबुली अधिक देखरेख म्हणजे शिक्षा झालीच. शिवाय चोरी हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानला जातो. व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं धोक्यात. उलट, वरच्या वाटणाऱ्या सुपीरियर कोर्टात प्रीट्रायल इंटरव्हेन्शन नावाची योजना आहे. पहिल्यांदा सापडलेल्यांना, बहुतेक वेळा कबुली न घेता, प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवतात आणि मुदत नीट पार पडली की आरोप काढून टाकतात. त्यामुळे परदेशी मुलाला कधी कधी मोठ्या कोर्टात राहणंच हिताचं असतं. त्याच्या वकिलांनी तोच अर्ज केला. तो मंजूर व्हायला वेळ लागला, सेमिस्टरचंही नुकसान झालं, पण कबुली कुठेच नोंदली गेली नाही.

गुन्हा कबूल केल्याचे व्हिसावर काय परिणाम होतील हे वकिलाने सांगितलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पॅडिला खटल्यात ठरवून दिलं आहे. तरीही आपण होऊन विचारा. फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला घ्या, आणि तो कबुलीच्या आधी घ्या. वकिलाची ऐपत नसेल तर सरकारी बचाव वकिलासाठी अर्ज करता येतो; ती माणसं मन लावून काम करताना मी पाहिली आहेत. दुभाषा कोर्ट मोफत देतं, तेव्हा इंग्रजी अर्धवट समजत असताना नुसती मान डोलवू नका.

शेवटची एक गोष्ट कागदांची. प्रीट्रायल इंटरव्हेन्शनची मुदत पार पडून आरोप काढल्यावर सहा महिन्यांनी नोंद पुसून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र नोंद पुसली तरी नागरिकत्वाच्या अर्जात अटकेचा प्रश्न येतो आणि त्याचं खरं उत्तर द्यावंच लागतं. म्हणून नोंद पुसण्याआधी कोर्टातून केसच्या निकालाच्या शिक्क्यासकट प्रती काढून घ्या आणि एक संच भारतातल्या घरीही ठेवा.