तिसरा रकाना

आमचा मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत तो उशिरा बोलणार आहे, एवढेच घरातल्या सर्वांचे मत होते. माझ्या नवऱ्यालाही म्हणे तीन वर्षांपर्यंत वाचा फुटली नव्हती, आणि हा दाखला सासूबाई इतक्या खात्रीने देत की मलाही तो सोयीचा वाटू लागला होता. मला खटकत होते ते वेगळेच. हाक मारल्यावर तो वळत नसे. पण भांडुपच्या आमच्या घराच्या गॅलरीतून जे रूळ दिसतात, त्यांवर गाडी दिसण्याआधीच तो कठड्याशी जाऊन उभा राहिलेला असे. हवी ती वस्तू तो बोटाने दाखवत नसे. माझे मनगट धरून माझाच हात तो त्या वस्तूपर्यंत नेई, जणू माझा हात म्हणजे स्वयंपाकघरातली सांडशी.

2022 च्या जानेवारीत बालरोगतज्ज्ञांनी आधी कान तपासून घ्यायला सांगितले. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत आम्ही ऐकू येण्याची बेरा चाचणी करून घेतली. ही चाचणी लहान मुलांची झोपेत घेतात, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवायचे, पहाटे उठवायचे आणि तिथे पोहोचेपर्यंत डोळा लागू द्यायचा नाही, असा उलटा उपद्व्याप करावा लागला. कान निर्दोष निघाले. मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. सोपे होते ते कारण हातचे गेले होते. पुढच्या दोन महिन्यांत मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो आणि कागदावर शब्द उमटला : स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. डॉक्टरांनी स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वर्तनावर काम करणारी थेरपी, अशा तीन गोष्टी लिहून दिल्या. त्यांपैकी तिसरीविषयीच मी इथे लिहिणार आहे, कारण तिच्यात आमची सर्वांत मोठी चूक झाली आणि सर्वांत जास्त फरकही तिनेच पडला.

पहिले केंद्र घरापासून रिक्षाच्या अंतरावर होते. 45 मिनिटांच्या सत्राचे 800 रुपये, आठवड्याला चार सत्रे, पालकांनी बाहेर बसायचे आणि दार बंद. आत टेबलाशी समोरासमोर बसवून ‘सिट डाऊन’, ‘लुक ॲट मी’, ‘हँड्स डाऊन’ अशा आज्ञा दिल्या जात आणि प्रत्येक आज्ञापालनाला वेफरचा एक तुकडा मिळे. आणखी हवे असेल तर ‘मोर’ म्हणायचे, हेही तिथे शिकवले गेले. मात्र ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. एके रात्री वरणभाताच्या रिकाम्या ताटलीसमोर बसून तो स्पष्टपणे ‘मोर, मोर’ म्हणू लागला, तेव्हा सासूबाईंनी पाणावल्या डोळ्यांनी चित्रांचे पुस्तक काढून त्यातला मोर त्याच्यापुढे धरला. त्याने पुस्तक भिरकावून दिले. त्याला राणीच्या बागेत नेण्याचा बेतही ठरला. चार दिवसांनी खरा अर्थ कळला आणि आम्ही खूप हसलो. पण त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोंडाने मागून तो उपाशी झोपला होता, हे आठवले की अजूनही घास अडकतो.

तिथे आणखी एक गोष्ट चालू होती. आनंद झाला की तो हात फडफडवतो. त्याचे हात धरून खाली ठेवले जात. दोन महिन्यांत फडफडणे कमी झाले आणि शर्टाची कॉलर चावणे सुरू झाले, इतके की कॉलरच्या दशा लोंबत. दारामागे काय चालते ते पाहू देण्याची विनंती मी केली, तर ‘आई दिसली की मूल बिघडते’ असे उत्तर मिळाले. चौथ्या महिन्यात आम्ही ते केंद्र सोडले.

दुसऱ्या ठिकाणी, माटुंग्याला, ज्या ताई भेटल्या त्यांनी पहिले तीन आठवडे काहीच शिकवले नाही. त्या जमिनीवर बसत आणि तो जे करील ते त्याच्या शेजारी बसून करीत. तो गाडीचे चाक फिरवत असेल तर त्याही दुसऱ्या गाडीचे चाक फिरवत. पैसे देऊन खेळायला जायचे का, अशी कुरकुर घरी झाली. ताईंच्या भाषेत हे ‘पेअरिंग’ होते : हे माणूस आले की चांगले काहीतरी घडते, एवढे मुलाच्या मनात बसेपर्यंत त्याच्याकडून काही मागायचे नाही. मला आठवड्यातून एकदा खोलीत बसणे सक्तीचे होते.

मग त्यांनी मला वही आणायला सांगितली. शंभर पानी, आडव्या रेघांची, साधी. प्रत्येक पानावर तीन रकाने आखायचे : आधी काय घडले, त्याने काय केले, त्यानंतर आपण काय केले. त्या काळात तो रोज स्वयंपाकघराच्या चौकटीवर डोके आपटत असे, आणि आमच्या घरात त्याची अनेक स्पष्टीकरणे होती. दात येत असतील, नजर लागली असेल, मी नोकरीला जाते त्याचा राग असेल. ताईंनी एकही स्पष्टीकरण ऐकून घेतले नाही. ‘तीन आठवडे फक्त लिहा,’ एवढेच त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांत सतरा नोंदी झाल्या. त्यांपैकी बारा संध्याकाळी पावणेसात ते साडेसातच्या दरम्यानच्या होत्या. मी ऑफिसातून येऊन कुकर लावते ती हीच वेळ. हे माझे मलाच दिसले आणि कुकरच्या शिट्टीचा त्रास होतो एवढे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. ताईंनी मात्र वही उलट्या बाजूने वाचली. त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले आणि पाने उलटत गेल्या. प्रत्येक ठिकाणी, कधी माझ्या अक्षरात, कधी नवऱ्याच्या, एकच वाक्य होते : उचलून गॅलरीत नेले, गाड्या दाखवल्या, शांत झाला.

म्हणजे डोके आपटले की शिट्टीपासून सुटका होते आणि वर जलद गाडीही पाहायला मिळते, हे त्याला आम्हीच रोज शिकवत होतो. तो हट्टी नव्हता. त्याच्यापाशी असलेल्या एकमेव शब्दात तो ‘मला गॅलरीत न्या’ असे म्हणत होता, आणि आम्ही त्या शब्दाला तत्परतेने उत्तर देत होतो. वर्तनाच्या मुळाशी बहुधा चारांपैकी काहीतरी असते : लक्ष वेधणे, नकोशा गोष्टीपासून सुटणे, हवी ती वस्तू किंवा गोष्ट मिळवणे, किंवा त्या कृतीतूनच शरीराला मिळणारे समाधान. आमच्याकडे एकाच कृतीत दोन कामे होत होती.

इलाज ऐकायला साधा होता. गॅलरीचा फोटो काढून, लॅमिनेट करून, स्वयंपाकघराच्या दाराला त्याच्या उंचीवर वेल्क्रोने लावायचा. तो काढून हातात दिला की त्याच क्षणी, हातातले काम टाकून, त्याला गॅलरीत न्यायचे. चित्र देऊन मागण्याची ही रीत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट या दोघांनी 1985 मध्ये बसवली. तिच्यातली खुबी अशी की सुरुवातीला दोन मोठी माणसे लागतात : एक समोर, जिच्या हातात चित्र द्यायचे, आणि एक मागे, जी काही न बोलता मुलाचा हात चित्रापर्यंत नेते. समोरच्या व्यक्तीनेच ‘दे, दे’ म्हटले तर मूल कोणी सांगेपर्यंत थांबून राहायला शिकते. मागच्या माणसाचे काम सासूबाईंकडे आले. न बोलता बसणे ही त्यांच्यासाठी केवढी शिक्षा होती ते मीच जाणते. पण माझ्यापेक्षा त्यांनीच ते चोख केले, आणि त्याच्या कोपराखालचा आपला हात रोज थोडा थोडा कधी हलका करायचा हेही त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

तरीही चौथ्या-पाचव्या दिवशी डोके आपटणे वाढले. एखादी युक्ती चालेनाशी झाली की ती सुटण्यापूर्वी एकदा जोरात उसळी घेते, हे ताईंनी आधी बजावले होते, आणि जिथे इजा होऊ शकते तिथे नुसते दुर्लक्ष कधीच करायचे नाही हेही. आम्ही चौकटीला जाड चादर बांधली होती, आणि कुकर गॅसवर चढवण्याच्या आधीच त्याला फोटोपाशी नेत होतो. तरी त्या रात्री सासूबाई ‘पोराचे हाल चालवलेत’ म्हणून न जेवता झोपल्या. दहाव्या दिवशी मी तांदूळ धूत असताना माझ्या ओल्या हाताला काहीतरी चिकटले. पाहते तो गॅलरीचा फोटो. मागे कोणी नव्हते.

त्या काळात मी रात्री बरेच वाचत असे आणि वाचलेले घेऊन ताईंशी वाद घालत असे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ आयव्हर लोव्हास यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकोणीस मुलांना दोन वर्षांहून अधिक काळ आठवड्याला चाळीस तास अशी थेरपी दिली होती आणि त्यांतली नऊ मुले बुद्ध्यंकात व शाळेत इतर मुलांच्या बरोबरीला आली होती. मग आमचे सहाच तास का, असे मी विचारले. ताईंनी त्याच अभ्यासाचा दुसरा भाग मला दाखवला : नको ते वर्तन थांबवण्यासाठी तिथे मुलांवर मोठ्याने ओरडत, मांडीवर चापटही मारत. आज ते कोणी शहाणे माणूस करीत नाही. शिवाय या पद्धतीतून गेलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती सांगतात की आम्हाला मदत केली गेली नाही, आम्ही स्वमग्न दिसू नये एवढेच शिकवले गेले. हे वाचताना मला ती दशा लोंबणारी कॉलर आठवली. आम्ही ताईंबरोबर दोन अटी ठरवल्या. हात फडफडवण्याला कोणी हात लावायचा नाही. आणि शिकवायचा पुढचा शब्द ‘नको’ असेल, तो म्हटला की सत्र थांबेल. पहिल्या आठवड्यात त्याने त्या शब्दाचा मनसोक्त वापर केला आणि पैसे अक्षरशः पाण्यात गेले. ‘मोर’ची जागा ‘अजून’ने घेतली.

कागदपत्रांचे काम मी फार लांबवत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयसा या स्वमग्नता मोजणाऱ्या भारतीय मापनश्रेणीवर चाळीस प्रश्नांची तपासणी होते. 70 पासून 106 पर्यंत गुण म्हणजे सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. आमचे 112 आले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि जुन्या कररचनेत प्राप्तिकरात 75,000 रुपयांची वजावट मिळते. या सगळ्यासाठी महापालिकेच्या एका रुग्णालयात पाच फेऱ्या झाल्या. तीन तासांच्या रांगेत त्याला शांत ठेवणे ही त्या तपासणीतली एक्केचाळिसावी परीक्षा म्हणायला हरकत नाही.

वहीने शिकवलेली गोष्ट पुढे कामी आली ती केस कापताना. तोपर्यंत त्याचे केस मी तो झोपल्यावर, मोबाइलच्या उजेडात, एका बाजूचे एका दिवशी आणि दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या दिवशी असे कापत असे. सलूनमध्ये चौघांनी धरून कापण्याचा एक प्रयोग होऊन गेला होता आणि त्यानंतर तो त्या रस्त्यानेही जात नसे. ताईंनी त्या एका कामाचे चौदा तुकडे केले. दुकानावरून नुसते जाणे, दारात उभे राहणे, खुर्चीला हात लावणे, खुर्चीत बसून उठणे, अंगावर कापड, बंद मशीन हातात, चालू मशीन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, असे करत शेवटी मशीन मानेला. एक पायरी सलग तीनदा शांतपणे झाली तरच पुढची, आणि बिघडले तर एक पायरी मागे. सलूनवाल्या काकांना हे कसे सांगावे या विचारात माझा एक आठवडा गेला. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘वहिनी, मंगळवारी दुपारी आणा. मंगळवारी कोण केस कापतं? दुकान रिकामंच असतं.’ सासूबाईंना मंगळवार मान्य नव्हता. मी म्हटले, केस कुठे कापतोय आई, नुसतं बसायला जातोय. आणि पहिले दहा आठवडे ते अगदी खरे होते.

नवऱ्याची पाळीची नोकरी असल्याने तो त्याला घेऊन जाई. नवव्या पायरीला मशीन जवळ आणताच त्याने कान झाकले आणि ‘नको’ म्हटले. काकांनी मशीन बंद केले, खाली ठेवले आणि उभे राहिले, एवढेच. पुढच्या मंगळवारी त्याने ते स्वतः उचलून बंदच्या बंद आपल्या गुडघ्यावर फिरवले. चार महिन्यांनी पहिल्यांदा दिवसाउजेडी त्याचे केस कापले गेले. पूर्ण नाही, डाव्या कानामागचे राहिले. ते मी रात्री झोपेत कापले, सवयीने.

आता तो सात वर्षांचा आहे. दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतो, बाकीचे चित्रांतून सांगतो. झोपेचा प्रश्न तसाच आहे, आणि गर्दीच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात चढलो की ‘याला काय झालंय, धडधाकट तर दिसतोय’ हे ऐकावे लागते. त्यासाठी अजून कोणती पायरी आम्हाला सापडलेली नाही. सहावी वही चालू आहे. सध्याचे काम नखे कापण्याचे, एकूण बारा पायऱ्या. या रविवारी उजव्या हाताची चार बोटे झाली आणि करंगळीला त्याने ‘नको’ म्हटले, म्हणून नेलकटर ठेवून दिला.